दीड मिलिमीटरची मोकळीक

विमान खोक्यांतून येतं, ही गोष्ट नाशिककरांना नवी नाही. १९६२ साली भारताने मिग-२१ विमानांसाठी सोव्हिएत संघाशी करार केला आणि कामाची वाटणी झाली: सांगाडा आणि अंतिम जोडणी ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) ओझरचा कारखाना सुरू झाला आणि द्राक्षांच्या निफाड तालुक्यातल्या या गावाला लोक ‘ओझर मिग’ म्हणू लागले.

सुरुवातीची विमानं म्हणजे रशियाहून आलेल्या तयार भागांची जोडणी होती. पुढच्या टप्प्यात ते भागही बाहेरून आलेल्या सुट्या भागांतून इथे जुळवायला सुरुवात झाली, मग सुटे भाग इथे घडू लागले, आणि शेवटी कच्च्या धातूपासून काम होऊ लागलं. २००४ पासून ओझरहून बाहेर पडलेल्या सुखोई-३० एमकेआय विमानांनीही हाच जिना चढला. जगात जिथे कुठे विमान बांधायला शिकतात, तिथे पहिला धडा जोडणीचा असतो. तो सर्वांत सोपा म्हणून पहिला ठेवला असेल, असं वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात विमानातली निम्मी अक्कल त्या धड्यातच भरलेली असते.

हे सगळ्यात चांगलं कळतं ते घरी विमान बांधणाऱ्या माणसाकडे पाहिलं की. अमेरिकेत हा जुना आणि कायदेशीर छंद आहे. निम्म्याहून जास्त काम स्वतः शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलं, तर त्या विमानाला ‘हौशी बांधणीचं’ म्हणून परवाना मिळतो. ओरेगन राज्यातल्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या कंपनीच्या किटमधून घडलेली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. मूळ केरळचे अशोक तामरक्षन यांनी कोविडच्या काळात इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये स्लिंग जातीचं चार आसनी विमान किटमधून बांधलं आणि २०२२ मध्ये कुटुंबाला त्यात बसवून फिरवलं.

किटच्या खोक्यात काय असतं? वाकवलेले, भोकं पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, नट-बोल्टच्या शेकडो पिशव्या आणि जाडजूड पुस्तिका. सांगाड्यापुरती ही पुस्तिका बोट धरून चालवते. मात्र इंजिन, इंधनाच्या नळ्या, वायरिंग आणि काच बसवायची वेळ आली की ती हात आखडता घेते, कारण इथे प्रत्येकाची निवड वेगळी असते. खरे प्रश्न इथून सुरू होतात आणि त्यातले बहुतेक एकाच प्रश्नाची रूपं असतात: इथे किती जागा सोडायची आणि कुठे तसूभरही सोडायची नाही?

भोकाचं चरित्र

दोन आसनी धातूच्या विमानात दहा हजारांहून जास्त रिव्हेट असतात. नाशिकच्या भांडीबाजारात पितळी पातेल्याचे कान ज्या युक्तीने बसवलेले दिसतात, तीच युक्ती: भोकातून खिळा घालायचा, एका बाजूने ठोकायचं आणि दुसऱ्या बाजूचं टोक दबून फुगू द्यायचं. फरक इतकाच की विमानात या फुगण्याला मोजमाप आहे. रिव्हेटचा व्यास ३.२ मिलिमीटर असेल, तर ठोकल्यावर मागचं डोकं साधारण ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच व्हायला हवं. भोकाचं केंद्र पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट आत हवं. एकजण हवेच्या बंदुकीने ठोकतो, दुसरा मागून जड लोखंडी ठोकळा टेकवून धरतो. दोघांचा ताल चुकला की डोकं तिरकं होतं.

मग तो रिव्हेट काढून नवा घालायचा, असं सहज वाटतं. पण तो ड्रिलने काढताना भोक थोडं मोठं आणि लंबगोल होतं. त्यात त्याच मापाचा रिव्हेट सैल बसतो, म्हणून पुढचं जाड माप घ्यावं लागतं. आणि माप वाढलं की कडेपासूनचं अंतर अपुरं पडू शकतं. म्हणून जाणकार सांगतात की किंचित बिघडलेला रिव्हेट कधीकधी तसाच राहू द्यावा. दुरुस्तीमुळे होणारं नुकसान मूळ दोषापेक्षा मोठं आहे का, हे आधी तपासायचं, ही विमानबांधणीतली पहिली शिस्त.

भोकाच्या कडेला राहिलेली धातूची बारीक कुसळंही खरवडून काढावी लागतात. पंख प्रत्येक उड्डाणात वाकतो आणि सरळ होतो. हा ताण सपाट पत्र्यावर पसरतो. पण जिथे ओरखडा किंवा टोकदार कड आहे, तिथे तो एकवटतो आणि तिथूनच तडा जायला सुरुवात होते. १९५४ साली ब्रिटनची कॉमेट जातीची जेट विमानं हवेत फुटली. समुद्रतळातून काढलेल्या अवशेषांमध्ये तडा सापडला तो छतावरच्या एका खिडकीच्या कोपऱ्याजवळ, भोकापाशी. विशेष म्हणजे हा धडा अजूनही जुना झालेला नाही. व्हॅनग्रन्सव्हेन यांच्याच कंपनीने मागणी वाढल्यावर काही पत्र्यांची भोकं दाबयंत्राऐवजी लेझरने पाडून घेतली. रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून त्या भोकांच्या कडा वाटीसारख्या दाबल्या की काहींना तडे जाऊ लागले. ते भाग बदलून द्यावे लागले, त्याचा खर्च इतर अडचणींत मिळाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली.

काच का फुटते?

वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक छत ॲक्रिलिकचं असतं, आणि घरी बांधणाऱ्यांची छाती सर्वांत जास्त धडधडते ती त्याला भोक पाडताना. साधं ड्रिल ॲक्रिलिकमध्ये घुसून ओढ घेतं आणि तडा जातो. म्हणून निराळ्या कोनात घासलेलं टोक वापरतात आणि थंडीत हे काम टाळतात, कारण गार ॲक्रिलिक अधिक ठिसूळ असतं.

पण मजा पुढे आहे. काच नीट बसते, स्क्रू घट्ट होतात आणि सहा महिन्यांनी एके दिवशी आपोआप तडा दिसतो. दोष आकड्यांत सापडतो. तापमान एका अंशाने वाढलं की एक मीटर ॲल्युमिनियम एका मीटरच्या सुमारे २३ दशलक्षांशाने लांबतं. ॲक्रिलिक लांबतं सुमारे ७० दशलक्षांशाने, म्हणजे तिपटीने. आता निफाडचं हवामान घ्या. हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानांच्या बातम्यांत हे नाव हमखास असतं आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. पस्तीस अंशांच्या या फरकात एक मीटर काच जवळजवळ अडीच मिलिमीटर वाढते, तिच्याखालची धातूची चौकट मात्र ०.८ मिलिमीटर. उरलेल्या दीड मिलिमीटरपेक्षा जास्त वाढीला जागा कुठे आहे? भोकं स्क्रूच्या मापाची पाडली असतील, तर कुठेच नाही. म्हणून काचेतली भोकं मुद्दाम मोठी ठेवतात आणि स्क्रू गच्च आवळत नाहीत. इथे सैल बसवणं हेच बरोबर बसवणं आहे.

हवेची वाट, पेट्रोलची वाट

इंजिनाच्या बाबतीत नियम उलटतो. लहान विमानांची बहुतेक पारंपरिक इंजिनं हवेने थंड होतात. नाकाच्या दोन भोकांतून हवा आत येते, इंजिनाच्या वरच्या कप्प्यात साचते आणि सिलिंडरच्या पंख्यांसारख्या पातळ पात्यांमधून खाली उतरते. तिला खाली ढकलणारा जोर किती? ताशी २५० किलोमीटर वेगाने जाताना समोरच्या हवेचा दाब पाण्याच्या अवघ्या तीस सेंटिमीटर उंचीइतका भरतो. साऱ्या इंजिनाचं थंड होणं या एवढ्याशा दाबावर चालतं. पत्र्याच्या कडेला बोटभर फट राहिली, तर हवा पात्यांतून जाण्याचा त्रास घेत नाही, फटीतून निसटते. या प्रकारच्या इंजिनात सिलिंडरच्या डोक्याची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एखादाच सिलिंडर सारखा तापत असेल, तर माणूस कार्ब्युरेटर, प्लग, मापक सगळं तपासत बसतो आणि दोष असतो त्या फटीत. ती शोधायचा उपाय साधा आहे: अंधारात वरच्या कप्प्यात दिवा लावायचा आणि खालून पाहायचं. जिथून उजेड येतो, तिथूनच हवा पळते. मग रबराच्या पट्ट्या आणि उष्णता सोसणारं सीलंट लावून ती जागा बुजवायची. बाहेर पडायची वाट मात्र आत यायच्या वाटेहून मोठी ठेवायची, कारण तापलेली हवा जास्त जागा मागते.

पेट्रोलच्या नळीचा रुसवा आणखी निराळा. उन्हाळ्यात उतरून इंजिन बंद केलं की वारा थांबतो आणि इंजिनात साठलेली उष्णता वर चढू लागते. वरून गेलेल्या बारीक नळीतलं पेट्रोल उकळून तिथे वाफ होते. पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ नुसती दबते. अर्ध्या तासाने इंजिन सुरू करायला जावं, तर ते ढिम्म हलत नाही. सगळे भाग आपापल्या जागी निर्दोष असतात. चूक नळीच्या रस्त्यात असते. एक्झॉस्टपासून ती दूर न्यायची, तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण चढवायचं, किंवा जास्तीचं पेट्रोल टाकीत परत फिरवणारी दुसरी नळी द्यायची, असे उपाय करतात.

टाकीला श्वास घ्यायलाही एक नळी लागते, नाहीतर पेट्रोल संपत जाईल तशी आत निर्वात पोकळी होऊन प्रवाह तुटतो. या नळीची आणि वेग मोजणाऱ्या पिटोट नळीची आपल्याकडची पक्की वैरीण म्हणजे कुंभारीण माशी. बोटभर भोक दिसलं की ती चिखलाचं घर बांधायला घेते. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकजवळ बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ माणसं गेली. ते विमान काही दिवस उभं होतं, पिटोट नळ्यांवर झाकण नव्हतं आणि तपासात संशय अशाच एका माशीच्या घरट्यावर गेला. घरच्या विमानाला पिटोट नळीवर लाल फडक्याचं झाकण आणि श्वासनळीच्या तोंडावर जाळी लावण्यामागे एवढी मोठी किंमत आहे.

जोडलं एकीकडे, बिघडलं दुसरीकडे

विमानात एका कामाची सावली भलत्याच कामावर पडते. रेडिओ ऐकू येत नाही म्हणून माणूस रेडिओ बदलतो आणि दोष असतो अँटेनाच्या खाली. वैमानिकांचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची लहर सव्वादोन मीटरच्या आसपास आणि अँटेना तिच्या पावपट, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर. उरलेलं काम अँटेनाखालचा धातूचा पृष्ठभाग करतो. फायबरग्लासच्या विमानात तो पृष्ठभागच नसतो, तेव्हा आतून तांब्याच्या पट्ट्या चिकटवून तो तयार करावा लागतो. होकायंत्र एका बाजूला झुकतं, त्याचं कारण शेजारचा एखादा पोलादी स्क्रू असू शकतो.

वजनाचं तर विचारूच नका. समजा, रिकामं विमान ५०० किलोचं आहे आणि इंजिनाजवळ गर्दी झाली म्हणून ८ किलोची बॅटरी दोन मीटर मागे, आसनांच्या पाठीशी नेली. आठ गुणिले दोन, भागिले पाचशे: सगळ्या विमानाचा गुरुत्वमध्य ३.२ सेंटिमीटर मागे सरकला. अशा विमानात त्याला हिंडायला मिळणारी जागा उणीपुरी वीस सेंटिमीटर असते. ती मागच्या बाजूने ओलांडली, तर वेग फार कमी झाल्यावर खाली यायला हवं ते नाक खाली येत नाही. म्हणून विमान पूर्ण झालं की तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून पुन्हा हिशोब मांडतात. रंगाचे हातही या हिशोबात येतात. मागच्या हलत्या पृष्ठभागांच्या कडेवर रंगाचे दोन थर जास्त बसले, तर त्यांचा तोल बिघडतो आणि ठरावीक वेगाच्या पुढे ते फडफडू लागतात; काही क्षणांत शेपूट तुटण्याइतके. त्यामुळे रंगानंतर त्यांचा तोल परत तपासायचा असतो.

नट सुटू नये म्हणून

इंजिनाच्या थरथरीपुढे प्रत्येक नट सुटायच्या तयारीत असतो. ही अडचण विमानाइतकीच जुनी आहे. १९०३ च्या शरदात राइट बंधूंनी आपलं विमान डेटनच्या सायकलच्या दुकानात घडवलेल्या भागांच्या रूपात खोक्यांत भरून किटी हॉकच्या वाळूत नेलं. तिथे जोडून इंजिन चालवलं, तर त्याच्या धक्क्यांनी पंख्याच्या दांड्यांवरची चेनची चाकं सैल व्हायला लागली. कितीही आवळा, पुन्हा ढिली. शेवटी सायकलचे टायर रिमला चिकटवायचं सिमेंट नटांच्या आट्यांत ओतलं आणि ती हटली नाहीत. मग पोकळ दांड्यांना चीर गेली. ऑर्व्हिल डेटनला परतला, भरीव स्प्रिंग-पोलादाच्या दांड्या करून ११ डिसेंबरला माघारी आला, आणि १७ डिसेंबरला विमान १२ सेकंद उडालं. इंजिनाच्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाआधीचे शेवटचे आठवडे बसवणुकीच्या अडचणींशी झगडण्यात गेले होते.

आज सिमेंटच्या जागी शिस्त आली आहे. जवळपास पाच मिलिमीटर जाडीचा सर्वसाधारण विमानी बोल्ट सुमारे अडीच न्यूटन-मीटर जोराने आवळतात. कमी आवळला तर सैल, जास्त आवळला तर बोल्टच ताणला जातो. फिरणाऱ्या जोडाला नायलॉनच्या नटावर विसंबत नाहीत, खाचांचा नट लावून त्यातून पिन घालतात. इंजिनावर बोल्टच्या डोक्यांतून स्टीलची तार पिळून अशा बेताने ओढतात, की सुटू पाहणारा बोल्ट तारेला ताण देतो आणि तारच त्याला सुटू देत नाही. शेवटी नट आणि पत्रा यांवरून रंगाची एक आडवी रेघ. रेघ तुटलेली दिसली की नट हलला.

दुसरे डोळे

हे सगळं अचूक जमलं तरी एक अडचण उरते: ज्याने बसवलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमधल्या अल्व्हेर्का इथे मोठ्या देखभालीनंतर एअर अस्तानाचं एम्ब्रेअर १९० विमान उडालं आणि लगेच वेडंवाकडं होऊ लागलं. पंखांवरच्या ऐलरॉनच्या, म्हणजे विमान कलवणाऱ्या हलत्या पृष्ठभागांच्या, तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. चाक उजवीकडे वळवावं तर विमान डावीकडे कलत होतं. वैमानिकांनी तशाही अवस्थेत ते तिसऱ्या प्रयत्नात बेजाच्या धावपट्टीवर उतरवलं आणि आतले सहाही जण वाचले. यात अनुभवी कारागीर होते, पुस्तिका होत्या, तपासणी होती. म्हणून घरी बांधणाऱ्याने दांडी उजवीकडे नेली की उजवा ऐलरॉन वर उठतो का, हे दुसऱ्याला बाहेर उभं करून मोठ्याने बोलायला लावायचं असतं. ओझरसारख्या कारखान्यात जोडणारा वेगळा आणि तपासून सही करणारा वेगळा असतो. घरात तो दुसरा माणूस शोधून आणावा लागतो.

महाराष्ट्रात ही सगळी कहाणी एका गच्चीवर घडली. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातले वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. त्यांनी किट न घेता आराखडाही स्वतः केला. गच्चीवरच्या बांधकामाचा एक पेच कोणत्याही पुस्तिकेत सापडायचा नाही: तीन मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा वीस-बावीस अंशांच्या फरकाने, म्हणजे पहाटेपेक्षा उन्हाने तापलेल्या दुपारी, दीड मिलिमीटर लांब असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये विमान सुटं करून खाली उतरवलं, पुन्हा जोडलं आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांपुढे ठेवलं. नोंदणी, तपासण्या आणि कागदपत्रांचा प्रवास लांबला. २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. त्या कागदांना नुसता सरकारी उशीर समजू नये. कुठला बोल्ट, कधी, किती जोराने, कोणी आवळला याची नोंद नसलेलं विमान दुरुस्त करता येत नाही, कारण काय बदललं हेच कळत नाही.

आणि उडालं म्हणजे संपलं, असंही नाही. अमेरिकेत घरी बांधलेलं विमान आधी वस्तीपासून दूर, साधारण चाळीस तास चाचणीसाठी उडवावं लागतं. तेव्हा हमखास निघणारी तक्रार म्हणजे विमान सरळ जायचं सोडून एका पंखावर झुकतं. कारण शोधायला पंखांचे कोन मोजतात, चाकांची आवरणं तपासतात. आणि धातूच्या विमानात यावरचा नेहमीचा उपाय ऐकून हसू येतं: एका ऐलरॉनची दुमडलेली मागची कड दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून हाताने किंचित दाबायची, उडून पाहायचं, आणि गरज पडली तर आणखी किंचित दाबायची. डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या त्या बदलाने हवेचा प्रवाह कडेवर निराळा वळतो आणि सहाशे-सातशे किलोचं यंत्र सरळ जाऊ लागतं. नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये लेथवर उभं राहणाऱ्या कुणालाही हे पटेल, की मोजमाप जितकं काटेकोर, तितका शेवटचा फरक हाताच्या अंदाजावर येऊन ठेपतो. विमान त्याला अपवाद नाही, आणि हीच त्यातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आहे: ते माणसांनी, हातांनी, चुका शोधत जोडता येतं.